लुआंग प्रबांग ते क्वांग सी: धबधब्यापर्यंत सायकलने जाऊन येण्याचा एक दिवस

लाओसला जाणारे बहुतेक जण क्वांग सी धबधबा बघतातच. लुआंग प्रबांग शहरापासून तो साधारण तीस किलोमीटरवर आहे आणि शहरात जागोजागी त्याच्या व्हॅनचे बोर्ड लावलेले असतात. व्हॅनमध्ये बसलं की पाऊण-एक तासात पोचायचं, दोनेक तास फिरायचं आणि जेवायला परत. त्यात वाईट काही नाही. पण मधला रस्ता भातखाचरांतून, सागाच्या लागवडीतून आणि छोट्या गावांतून जातो, सुरुवातीला बराच वेळ मेकाँग नदीच्या सोबतीने जातो, आणि तो काचेआडून बघण्यासारखा नाही. थोडीफार सवय असलेल्या माणसाला हा प्रवास सायकलवर एका दिवसात नीट जमतो. पहिल्यांदाच परदेशात सायकल भाड्याने घेऊन लांब जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. धबधब्याला पोचता तेव्हा अर्धाच दिवस झालेला असतो. उरलेले तीस किलोमीटर दुपारच्या उन्हात, पोहून सैल पडलेल्या अंगाने आणि भरल्या पोटी करायचे असतात. कधी निघायचं, कोणती सायकल घ्यायची, किती वेळ पाण्यात डुंबायचं, हे सगळं त्या परतीच्या हिशेबाने ठरवा.

आपल्याला जमेल का?

जाऊन-येऊन साठ किलोमीटर. घाट म्हणावा असा मोठा चढ वाटेत नाही, पण रस्ता सारखा वरखाली होतो. एक टेकाड चढून उतारावर जरा श्वास घ्यावा तर पुढचं टेकाड समोर असतं. धबधब्याच्या जवळ जाताना चढाचं प्रमाण वाढतं. म्हणून नुसतं "मला साठ किलोमीटर जमतात" एवढं पुरेसं नाही, चढ-उताराचे साठ जमतात का ते बघा.

निघण्याच्या महिनाभर आधी घराजवळ तालीम करा. नाशिककरांची सोय चांगली आहे: नाशिक-त्र्यंबक जाऊन येणं अंतराने जवळजवळ तेवढंच भरतं. पुण्याच्या मंडळींनी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यावं. ठाण्याकडच्यांनी येऊरचा चढ लागोपाठ दोन-तीनदा चढून बघावा. हे करून दुसऱ्या दिवशी कामावर जाता आलं, तर क्वांग सी तुम्हाला जड जाणार नाही.

तालमीत दमछाक झाली तरी बेत रद्द करू नका. जाताना सायकल आणि येताना टुकटुक (तिथली रिक्षा), हा पर्याय सरळ आहे. धबधब्याच्या वाहनतळावर टुकटुक आणि व्हॅन असतात. टुकटुकवाले भाडं ठरवून सायकल टपावर बांधून आणतात. सोबत लहान मुलं किंवा साठीपुढचे आई-बाबा असतील, तर त्यांना व्हॅनने पाठवून धबधब्यावर भेटायचं ठरवा. मी तरी हेच सुचवेन.

कोणत्या महिन्यात

आपल्याकडे धबधबा म्हटलं की जून ते सप्टेंबर. सह्याद्रीतले बहुतेक धबधबे पावसाच्या पाण्यावर चालतात आणि दिवाळीनंतर कड्यावर नुसता ओला डाग उरतो. क्वांग सीचं पाणी चुनखडीच्या डोंगरातल्या झऱ्यांमधून येतं, त्यामुळे ते बारमाही वाहतं. उलट पावसाळ्यातच तो बघायला कमी चांगला. ऑगस्ट-सप्टेंबरच्या जोरदार पावसात त्याचा प्रसिद्ध निळा रंग जाऊन पाणी गढूळ होतं आणि पायवाटा निसरड्या होतात.

सायकलसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. डिसेंबर-जानेवारीत सकाळी चांगलीच थंडी असते आणि नदीवरचं धुकं उशिरापर्यंत रेंगाळतं. तेव्हा पातळ विंडचीटर आणि मागचा लाल दिवा हवाच. मार्च-एप्रिल टाळा. त्या काळात लाओसच्या उत्तर भागात डोंगरउतारावरची झाडी जाळून शेतीसाठी जमीन मोकळी करतात, आपल्याकडच्या कुमरी शेतीसारखीच ही पद्धत आहे. धुराने हवा इतकी दाट होते की समोरचा डोंगर दिसत नाही. अशा हवेत तासन्‌तास धापा टाकत सायकल चालवणं छातीला त्रासाचं. एप्रिलच्या मध्यात लाओ नववर्ष असतं, तेव्हा रस्त्यावरच्या प्रत्येकावर बादलीने पाणी पडतं. सणाची मजा जरूर घ्या, पण लांबच्या सायकलसाठी दुसरा दिवस निवडा.

पोचणं आणि कागदपत्रं

भारतातून लुआंग प्रबांगला जाताना बँकॉक किंवा हनोईला विमान बदलून जाणं सोयीचं. राजधानी व्हिएंतियानला उतरलात तर तिथून रेल्वे आहे. चीन-लाओस रेल्वेमार्ग डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाला आणि त्या गाडीने साधारण दोन तासांत लुआंग प्रबांग येतं. स्टेशन शहराबाहेर बऱ्याच अंतरावर आहे, तिथून व्हॅन मिळते. व्हिसाचे नियम निघण्याआधी लाओसच्या अधिकृत ई-व्हिसा संकेतस्थळावर तपासा.

सायकलला लायसन्स लागत नाही, हा तिचा मोठाच फायदा. स्कूटर घ्यायची असेल तर भारतातून निघतानाच आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्या. भारत आणि लाओस हे दोन्ही देश १९४९ च्या जिनिव्हा करारात आहेत, त्यामुळे हा परवाना तिथे चालतो. मात्र तुमच्या मूळ लायसन्सवर दुचाकीची नोंद हवी. परवान्याशिवाय स्कूटर चालवताना अपघात झाला, तर प्रवास विमा कंपनी हात वर करते. सायकलसाठीही विमा हवाच. लुआंग प्रबांगला रुग्णालय आहे, पण गंभीर दुखापत झाली तर थायलंड गाठावं लागू शकतं आणि तो खर्च खिशातून करण्यासारखा नसतो.

सायकल भाड्याने घेताना

इथे घाई करू नका. आदल्या दिवशी दुपारी दुकानात जा, उजेड असताना.

गेस्ट हाउसमध्ये स्वस्तात किंवा फुकटात मिळणारी सायकल म्हणजे पुढे टोपली, एकच गिअर आणि जड सांगाडा. जुन्या शहरातल्या गल्ल्यांत हिंडायला ती झकास. तीस किलोमीटरच्या चढ-उतारावर ती तुमचा घाम काढेल. मुख्य रस्त्यावर सायकल आणि ट्रेकिंगची दुकानं आहेत, तिथे गिअरच्या माउंटन बाईक मिळतात. भाडं कितीतरी जास्त असतं. या दिवसात पैसे खर्च करायचे असतील तर ते इथेच करा, जेवणात आणि खरेदीत वाचवता येतील. दुकानात नुसतं 'बाईक' म्हणू नका, स्कूटर पुढे करतील. सायकलला लाओ भाषेत 'लोट थीप' म्हणतात.

सायकल हातात आली की आधी ब्रेक बघा. भारतात बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. वाहनं उजवीकडून चालतात अशा अनेक देशांत तो डाव्या हाताला असतो, आणि लाओसमध्ये दोन्ही प्रकारच्या सायकली सापडतात. उभ्या उभ्या एक एक ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला आणि कोणतं चाक अडतं ते बघा. उतारावर घाबरून सवयीने, मागचा समजून डावा ब्रेक कचकन दाबला आणि तो पुढचा निघाला, तर माणूस हँडलवरून पुढे जातो. पुढचा ब्रेक कोणता हे कळल्यावर त्या बाजूच्या मुठीला रंगीत रिबीन किंवा रबरबँड बांधून ठेवा. साधी गोष्ट आहे, पण उतारावर विचार करायला वेळ नसतो.

मग गिअर. दुकानासमोरच्या रस्त्यावर चालवत सगळ्यात हलक्या गिअरपासून सगळ्यात जड गिअरपर्यंत जाऊन या. हलक्या गिअरला चेन कुरकुरत असेल किंवा पडत असेल, तर दुरुस्त करून घ्या किंवा दुसरी सायकल मागा. नेमका तोच गिअर तुम्हाला चढावर लागणार आहे. सीटची उंची अशी लावा की पायडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ व्हावा. नवखे लोक दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात आणि दहाव्या किलोमीटरला गुडघे दुखायला लागतात.

टायर अंगठ्याने दाबून बघा, काटे-काचा आहेत का ते पाहा. पंप, जादा ट्यूब, टायर उघडायचे लिव्हर आणि कुलूप मागून घ्या. व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड असेल तर चांगलं, कारण रस्त्यावरच्या कोणत्याही गॅरेजमध्ये हवा भरता येते. हेल्मेट मागा. नसेल तर दुसरं दुकान.

अनामत म्हणून पासपोर्ट मागितला तर देऊ नका. रोख रक्कम किंवा पासपोर्टची झेरॉक्स देऊ करा, बहुतेक ठिकाणी चालतं. सायकलवरचे ओरखडे, वाकलेलं मडगार्ड यांचे फोटो दुकानदारासमोरच काढा.

आदल्या रात्रीची तयारी

नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, वाटेत नेटवर्क जातं. पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या आणि इलेक्ट्रॉलची पाकिटं घ्या. भारतातून नेलेली शेंगदाण्याची चिक्की किंवा लाडू इथे सोन्याच्या मोलाचे ठरतात, विशेषतः शाकाहारी लोकांना. पोहण्याचे कपडे, पातळ पंचा, कोरडा टी-शर्ट आणि हे सगळं ठेवायला प्लॅस्टिकची पिशवी. लाओसचं चलन किप, त्याचे आकडे मोठे असतात, २०२४ मध्ये एका डॉलरला एकवीस हजारांहून जास्त किप मिळत होते. म्हणून रात्रीच मोठ्या नोटांचे सुटे करून घ्या, गावातल्या टपरीवर मोठी नोट मोडणं अवघड जातं.

निघायची वेळ

साडेसहा ते सात. त्याआधी निघू नका, त्याला कारण आहे. लुआंग प्रबांगच्या जुन्या भागात पहाटे भगव्या वस्त्रांतले बौद्ध भिक्षू रांगेने भिक्षेला निघतात. याला 'ताक बात' म्हणतात. गावातले लोक रस्त्याच्या कडेला बसून त्यांच्या पात्रात चिकट भात घालतात. हे रोजचं धार्मिक आचरण आहे. रांगेतून सायकल घालणं, घंटी वाजवणं, तोंडासमोर फोन धरणं हे अत्यंत अनादराचं ठरतं. रस्त्याच्या पलीकडे शांत उभं राहून बघा आणि रांग गेल्यावर निघा. १९९५ पासून हे शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. जुन्या वास्तू हे त्याचं कारण आहेच, पण हे रोजचं जगणंही त्या वारशाचाच भाग आहे.

साडेसातच्या पुढे मात्र रेंगाळू नका. व्हॅनची गर्दी नऊनंतर सुरू होते. सातला निघालात तर बराचसा रस्ता तुमचा एकट्याचा असतो आणि धबधब्यावरही गर्दीच्या आधी पोचता.

नाश्ता हलका करा. सकाळच्या बाजारात केळी मिळतात, चिकट भाताच्या पुड्या मिळतात. फ्रेंच राजवटीतून राहिलेला लांब पाव म्हणजे 'खाओ ची', तोही सगळीकडे असतो. लाओ कॉफी कडक आणि कंडेन्स्ड मिल्क घातलेली, चढाला उपयोगी. मांस नको असेल तर 'बो साय सीन' आणि माशाचा सॉस नको असेल तर 'बो साय नाम पा' म्हणा. दोन्ही म्हणा, कारण नुसतं मांस नको म्हटलं तर भाजीत माशाचा सॉस पडतोच. नूडल सूपचं पाणी बहुधा हाडांचं असतं, शाकाहारी लोकांनी ते सोडून द्यावं.

रस्ता

जुन्या शहरातून मुख्य रस्त्याने नैऋत्येला निघा. शहर संपेपर्यंत फोनवर लक्ष ठेवा, पुढे क्वांग सीच्या पाट्या लागतात आणि चुकायला फारसा वाव नाही.

वाहनं उजवीकडून चालतात हे सगळ्यांना माहीत असतं आणि निघताना लक्षातही असतं. धोका निघताना नसतो, थांबल्यानंतर असतो. पाणी प्यायला थांबलात, फोटो काढलात, रिकाम्या रस्त्यावर पुन्हा सायकलवर बसलात की हात आपोआप डावीकडे वळतो. समोरून गाडी येईपर्यंत चूक कळत नाही. म्हणून थांबायचं ते नेहमी उजव्या कडेलाच, आणि निघताना 'उजवीकडे' असं मोठ्याने म्हणायचं. सोबत कोणी असेल तर एकमेकांना आठवण करून द्यायची. डावीकडे वळायचं असेल तेव्हा नवख्यांनी उजव्या कडेला उतरावं, दोन्हीकडे बघावं आणि सायकल हातात धरून रस्ता ओलांडावा.

पहिले काही किलोमीटर पाय गरम होण्यासाठी आहेत. इथे दम लागेल एवढा वेग घेऊ नका. चढ दिसला की तो सुरू होण्याआधी गिअर हलका करा. अर्ध्या चढात पूर्ण जोर लावून गिअर बदलायला गेलात तर चेन पडते. चढावर बोलता येत नसेल इतका श्वास लागला तर अजून हलका गिअर घ्या किंवा उतरून ढकला. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट पाणी, तहान लागो न लागो.

रस्ता डांबरी आहे, पण पावसाळ्यानंतर काही ठिकाणी उखडलेला असतो. उतारावर खड्डा दिसला तर खड्ड्याआधी ब्रेक लावा, खड्ड्यात असताना नाही. गावांत कोंबड्या, कुत्री, शाळेला निघालेली मुलं रस्त्यावर असतात. मुलं हात हलवून 'साबायदी' ओरडतात, त्यांना उत्तर द्या. खाऊ किंवा पैसे वाटू नका, त्याने मुलं पर्यटकांच्या मागे धावायला लागतात.

साधारण दोन ते अडीच तासांत धबधबा येतो. तीन तास लागले तरी हरकत नाही. अकरा वाजून गेले आणि अजून बरंच अंतर बाकी असेल, तर मात्र येताना टुकटुक करायची हे तिथेच ठरवून टाका.

रस्ता सोडून आत जाऊ नका

लघवीला किंवा फोटोसाठी झाडीत शिरायची आपल्याला सवय असते. लाओसमध्ये ती सोडा. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने या देशावर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यात क्लस्टर बॉम्बमधले कोट्यवधी छोटे गोळे होते, लाओ लोक त्यांना 'बॉम्बी' म्हणतात, आणि त्यांतले सुमारे तीस टक्के तेव्हा फुटलेच नाहीत. ते अजून जमिनीत आहेत. शेतात कुदळ मारताना, मुलं खेळताना आजही माणसं जखमी होतात, मरतात. लुआंग प्रबांग प्रांतही याला अपवाद नाही. रस्ता, गावं आणि धबधब्याच्या वापरातल्या पायवाटा सुरक्षित आहेत. त्याबाहेर पाऊल टाकू नका आणि जमिनीवर पडलेली कोणतीही गंजकी धातूची वस्तू उचलू नका. शौचालय गावातल्या दुकानात विचारा, चहा-पाणी घेतलं की आनंदाने वापरू देतात. न फुटलेले बॉम्ब शोधून निकामी करणाऱ्या 'यूएक्सओ लाओ' या संस्थेचं शहरात या विषयावरचं माहिती केंद्र आहे. दुसऱ्या दिवशी तिथे जरूर जा. ज्या शेतांच्या कडेने आपण सायकल चालवली त्यांची ही बाजू समजून घ्यायलाच हवी.

म्हशीच्या दुधाचं आइस्क्रीम

धबधब्याच्या काही किलोमीटर अलीकडे 'लाओस बफेलो डेअरी' लागते. आपल्याला म्हशीच्या दुधाचं काय कौतुक असं वाटेल, पण लाओसमध्ये म्हशीचं दूध काढायची परंपराच नाही. इथली म्हैस दलदलीच्या जातीची, नांगराला आणि मांसासाठी पाळलेली, दूध फार थोडं देते. आपल्या मुऱ्हा किंवा पंढरपुरी म्हशी नदीच्या जातीच्या, दुधाळ. या डेअरीने गावकऱ्यांच्या म्हशी भाड्याने घेऊन दूध काढायला सुरुवात केली. तिथलं आइस्क्रीम आणि चीज चांगलं आहे. जाताना थांबू नका, येताना थांबा. परतीच्या पहिल्या टप्प्यानंतर थंड काहीतरी मिळणार आहे या आशेने पाय चालतात.

धबधब्यावर

गेट सकाळी आठच्या सुमारास उघडतं. वाहनतळ मुख्य प्रवेशापासून थोडा खाली आहे आणि तिथून बॅटरीच्या गाड्या वर नेतात. सायकल खांबाला कुलूप लावून ठेवा, हेल्मेटही त्यातच अडकवा.

आत शिरल्यावर पाण्याकडे धावत जायची इच्छा होते. त्याआधी वाटेतली अस्वलं बघा. 'फ्री द बेअर्स' ही ऑस्ट्रेलियात सुरू झालेली संस्था हे केंद्र चालवते. छातीवर पांढरट चंद्रकोर असलेली ही काळी अस्वलं आपल्या हिमालयातही आहेत. आग्नेय आशियात त्यांना अरुंद पिंजऱ्यात कोंडून पित्ताशयातून पित्त काढतात, पारंपरिक औषधासाठी. तस्करांकडून आणि अशा पिंजऱ्यांतून सुटका झालेली अस्वलं इथे राहतात. वेगळं तिकीट नाही. सकाळी ती जास्त हालचाल करतात, हेही लवकर पोचण्याचं एक कारण.

मग येतात कुंडं. एकाखाली एक, अर्धगोल कडांची, फिकट निळ्या पाण्याने भरलेली. हे कसं घडलं ते तिथे उभं राहून दिसतं. डोंगरातून येताना पाणी चुनखडी विरघळवून आणतं. कड्यावरून आपटताना त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विरघळलेला चुना पुन्हा घट्ट होऊन बसतो. कुंडाच्या काठाशी पाण्यात पडलेलं एखादं जुनं पान वाकून बघा: शिरा अजून ओळखू येतात, पण त्यावर करडा-पांढरा खरखरीत थर चढलेला असतो. काडी असो, मूळ असो, सगळ्यावर तोच थर. असे थर एकावर एक बसून हे बांध झाले आहेत आणि पाण्यातल्या चुन्याच्या सूक्ष्म कणांवर प्रकाश विखुरतो म्हणून रंग निळा दिसतो. आपल्या सह्याद्रीचा खडक लाव्हापासून झालेला बेसाल्ट, त्यात इतका चुना नाही, म्हणून अशी कुंडं आपल्याकडच्या घाटात सापडत नाहीत.

म्हणूनच विनंती: कुंडांच्या कडांवर उभे राहू नका, फोटोसाठी तर नाहीच. टणक वाटतात, पण पायाखाली तुटतात आणि तुटलेला बांध पुन्हा तयार व्हायला फार काळ लागतो. पाण्यात उतरण्याआधी सनस्क्रीन किंवा डासांचं मलम लावू नका.

पोहायला परवानगी असलेल्या कुंडांजवळ पाट्या आहेत. काही कुंडं पवित्र मानतात, मुख्य धबधब्याच्या पायथ्याशीही पोहायचं नाही. पाणी थंड असतं, तळ खडबडीत असतो. उडी मारू नका, खोली एका पावलात बदलते. पोहता येत नसेल तर काठाच्या उथळ भागातच बसा. कपडे बदलायला खोल्या आहेत. पाण्याबाहेर आल्यावर अंगावर पंचा किंवा शर्ट घ्या, स्थानिक लोक तिथे कुटुंबासह येतात आणि उघड्या अंगाने हिंडणं त्यांना रुचत नाही.

मुख्य धबधबा सगळ्यात वर आहे, उंची साधारण साठ मीटर. समोरच्या लाकडी पुलावरून तो पूर्ण दिसतो आणि तुषार तोंडावर येतात. दोन्ही बाजूंनी माथ्यावर जाणाऱ्या पायवाटा आहेत. इथे माझं मत स्पष्ट आहे: सायकलने आला असाल आणि सायकलनेच जाणार असाल तर माथ्यावर चढू नका. चढण तीव्र आहे, वाट निसरडी, आणि ती चढण्या-उतरण्यात मांड्या जितक्या थकतात तितक्याच परतीच्या टेकाडांना कमी पडतात. टुकटुकने परतणार असाल तर जरूर चढा.

जेवण गेटबाहेरच्या टपऱ्यांवर. भाजलेला मासा, कोंबडी, चिकट भात, पपईचं तिखट सॅलड. सॅलडमध्ये आंबवलेल्या माशांचं 'पादेक' घालतात, शाकाहारी लोकांनी आधी सांगावं. भरपेट जेवू नका. भात, केळी, चिक्की एवढ्यावर निघा आणि पोटभर जेवण रात्री करा. बिअर तर परत पोचल्यावरच.

परत

हिवाळ्यात सूर्य साडेपाच-पावणेसहाला मावळतो आणि डोंगराआड त्याआधीच जातो. अंधारात या रस्त्यावर सायकल चालवू नका, दिवे नसतात आणि गुरं रस्त्यावर बसलेली असतात. म्हणून धबधब्यावरून जास्तीत जास्त अडीच वाजता निघा. दोनला निघालात तर आणखी बरं, डेअरीवर निवांत बसता येतं.

निघताना कोरडा टी-शर्ट आणि कोरडी पँट घाला. ओल्या पोहण्याच्या चड्डीत तीस किलोमीटर केले तर मांड्या घासून सोलवटतात आणि पुढचे दोन दिवस चालणं मुश्कील होतं. बाटल्या भरून घ्या, एकीत इलेक्ट्रॉल घाला.

सुरुवातीला बराच उतार लागतो आणि इथेच नवखे पडतात. पाय थकलेले, मन निर्धास्त, वेग आपोआप वाढलेला, आणि मागून व्हॅन येत असतात. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, थांबून थांबून दाबत उतरा. सतत दाबून धरले तर हात आखडतात. पोटरीत गोळा आला तर लगेच थांबा, पायाची बोटं स्वतःकडे ओढून धरा, पाणी प्या, मग सावकाश निघा. पुन्हा आला तर हट्ट सोडून रिकाम्या टुकटुकला हात करा.

पंक्चर झालं आणि काढता येत नसेल, तर जवळच्या गावात मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान शोधा. बाहेर टांगलेली टायरं बघून ओळखू येतं. भाषेची अडचण होत नाही, चाक दाखवलं की पुरतं.

शहरात शिरताना पुन्हा रहदारी लागते आणि तेव्हा तुम्ही सगळ्यात दमलेले असता. शेवटच्या एखाद-दोन किलोमीटरला गर्दी वाटली तर सायकल हातात धरून चाला.

सायकल त्याच संध्याकाळी परत द्या. दुकानदारासमोर तिच्याभोवती एक चक्कर मारा, आदल्या दिवशी काढलेले फोटो हाताशी ठेवा, काही बिघडलं असेल तर आपणहून सांगा. पंक्चरचे पैसे मागितले तर द्या, रास्त असतात. अनामत रक्कम मोजून घ्या, झेरॉक्स दिली असेल तर तीही परत मागून घ्या, आणि ब्रेकवर बांधलेली रिबीन सोडायला विसरू नका.